गोजराईचा फेर

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण तेव्हा काळ मोजायचा तो पिकांनी आणि सणांनी. ज्यांनी हे सगळं डोळ्यांनी पाहिलं, त्यांची नावं आता देवघरातल्या टाकांवरच्या नाकाडोळ्यांसारखी झिजून गेली. गोष्ट मात्र झिजली नाही. श्रावण आला की ती आपणहून ओठांवर येते. तर बायांनो, हातातलं काम चालू राहू द्या, वाती वळत वळत ऐका. लेकरांनो, तुम्हीही या, पण आईनं वळलेल्या वाती उलगडू नका.

आडमाळ नावाचं एक गाव होतं. वर उघडा डोंगर, खाली काळं शिवार, आणि मध्ये एक मातीचा बांध. या टेकडीपासून त्या टेकडीपर्यंत, निजलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. पावसाचं पाणी त्या बांधामागं साठायचं, त्याचं तळं व्हायचं, आणि बांधाच्या पोटातल्या दगडी मोरीतून ते पाटानं शिवारात उतरायचं. रब्बीचा जोंधळा त्यावर, हरभरा त्यावर, परसातल्या वांगी-मिरच्या त्यावर. धरण कसलं, गावानं देवापुढं धरलेली ओंजळच ती. असं म्हणतात, लग्न होऊन आलेल्या प्रत्येक सुनेनं आधी एक टोपली माती त्या बांधावर टाकायची आणि मगच उंबऱ्यावरचं माप ओलांडायचं, असा तिथला रिवाज होता.

पण मातीचा बांध म्हणजे तान्हं मूल. दगडाची भिंत एकदा रचली की विसरून चालतं, मातीचं तसं नाही. खेकडा बीळ करतो, घूस पोखरते. बाभळ उगवली की तिची मुळं बांधाच्या पोटात शिरतात, आणि पुढं झाड वाळलं की मुळांच्या जागी पोकळ नळ्या राहतात. म्हणून उन्हाळ्यात बिळं बुजवायची, रोपटी उपटायची, हरळी तेवढी राहू द्यायची, आणि जादा पाणी जिथून वाहून जातं तो सांडवा उंबऱ्यासारखा झाडून मोकळा ठेवायचा. आडमाळात हे काम एका घराकडं होतं. त्या घराला बांधकरी म्हणायचे. गोजरा त्या बांधकऱ्याची लेक, आणि सिदू तिचा पाठचा भाऊ.

गोजराला दिलं होतं खिंडीपलीकडं, वेळूखोऱ्यात. सासर चांगलं होतं, माणसं मायेची होती. तिच्या पायांत गुण आहे, असं सासरचे म्हणायचे. सुगीच्या आधी खळं करायचं तर आजूबाजूच्या वाड्यांतून गोजराला बोलावणं यायचं. माती भिजवायची, शेण कालवायचं, लाकडी चोपण्यानं चोपायचं आणि मग पायांनी तुडवत गोल गोल फिरायचं. दुसरीनं केलेल्या खळ्याला चार दिवसांत भेगा पडायच्या. गोजराच्या खळ्यावर सांडलेला दाणा नखानं सुद्धा टोकरावा लागायचा नाही. कुणी विचारलं तर हसून म्हणायची, "मी कुठं काय करती? मातीच सांगती की पायाला, हितं कच्ची हाय म्हणून."

पंचमीला लेकी माहेरी येतात. सिदू मुराळी होऊन बहिणीला न्यायला जायचा. खिंडीत पोचलं की खाली तळं दिसायचं, पावसात भिजलेल्या हरळीचा वास वाऱ्याबरोबर वर यायचा, आणि गोजराचे पाय आपोआप भरभर उचलायचे. सिदू मागून ओरडायचा, "अक्का, सासरी जाताना न्हाई गं अशी पळत!" ती म्हणायची, "तुला काय ठावं? पुरुषाच्या जातीला माहेर असतंय व्हय?" असे ते दिवस होते. आता तशा वाटाही राहिल्या नाहीत, आणि तसे मुराळीही.

गोजराचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते तेव्हाची गोष्ट. ती पंचमीला आली होती, आणि सिदू बांधावर एक बीळ बुजवायला गेला होता. त्यानं हात आत घातला आणि ओरडला. नाग होता. घरी आणेपर्यंत त्याचं अंग निळं पडलं. वैदूनं पाला चोळला, लिंबाचा डहाळा फिरवला, आणि मान खाली घालून बसला. आईनं हंबरडा फोडला. गोजरा मात्र घरात थांबली नाही. बांधाच्या उतरणीवर, शिवाराच्या अंगाला, हातभर उंचीचं एक वारूळ होतं. तिथं ती ओल्या पदरानं गेली, कपाळ टेकलं आणि म्हणाली,

"नागोबा, तुला आम्ही भाऊ म्हणतो. मला दुसरा भाऊ न्हाई. एवढा परत दे. तुझ्या घराला मी कधी हात लावणार न्हाई, कुणाला लावू देणार न्हाई. जित्ती आहे तोवर दर पंचमीला तुझ्या दारी येईन."

असं म्हणतात, दिवेलागणीला सिदूनं डोळे उघडले. पहिलं बोलला ते हे, "अक्का, भूक लागलीया."

त्या दिवाळीला भाऊबीजेला गोजरानं भावाला ओवाळलं. त्यानं ताटात घालायला नवं लुगडं आणलं होतं. तिनं ते बाजूला सारलं. म्हणाली, "लुगडं नको. शब्द दे. त्या वारुळाला कुदळ लावणार न्हाईस." सिदूनं बहिणीच्या हातावर हात ठेवून शब्द दिला.

वर्षं गेली. वारूळ वाढत गेलं. गुडघ्याएवढं झालं, कमरेएवढं झालं, मग माणसाएवढं झालं. लोक त्याला नागोबाचं घर म्हणायला लागले. परगावच्या बाया नवस बोलायला यायच्या. कुणाला मूल झालं, कुणाचा भाऊ परमुलखातून परत आला, आणि गोजराचं नाव नागोबाच्या नावाला जोडलं गेलं. गोजराला धन्य धन्य वाटायचं.

सिदू मात्र दर उन्हाळ्यात बांधावरची सगळी बिळं बुजवायचा, आणि वारुळापाशी आला की कुदळ खाली ठेवून हात जोडायचा आणि वळसा घालून पुढं जायचा. वारूळ वर दिसतं तेवढं नसतं. झाडाला जशी मुळं, तशा वारुळाला खाली वाटा. बांधकऱ्याच्या पोराला हे कळत नव्हतं थोडंच? त्याची बायको मैना म्हणायची, "वन्संना एकदा सांगून तर बघा." तो म्हणायचा, "काय सांगू? तिनं माझा जीव मागून घेतलाय. तिला म्हणू, अक्का, तुझा नवस बांध पोखरतोय?" हे बोलणं गोजराला फार पुढं कळलं, मैनाच्याच तोंडून.

त्या वर्षांत पाऊस बेताचाच पडायचा. तळं अर्ध्यावर यायचं, फार तर थोडं वर. वारुळाच्या उंचीला पाणी कधी पोचलंच नाही, आणि बांधाचं दुखणं बांधाच्या पोटातच राहिलं.

मग एक श्रावण आला. असा श्रावण आडमाळनं पाहिला नव्हता. झड लागली ती सुटेचना. डोंगरानं शंभर तोंडं उघडली. तळं भरलं, काठोकाठ भरलं, आणि लहान लेकरांनी जन्मात पहिल्यांदा सांडवा वाहताना पाहिला. माणसं सांडव्यावर नारळ फोडून आली. "औंदा सोनं पिकणार," म्हणाली.

पंचमीची सकाळ उजाडली. पाऊस थोडा थांबला होता. तुम्हाला ठाऊकच आहे, पंचमीला चिरायचं नाही, भाजायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. शेतात नांगर नाही, जमिनीला कुदळ नाही. त्या दिवशी मातीत लोखंड गेलं तर कुणाच्या पोटच्या पिल्लाला लागेल सांगता येत नाही. घराघरांत पुरणाची दिंडं वाफेवर ठेवली होती. कुंभाराकडून आणलेले मातीचे नाग पाटावर बसले होते. लेकी नव्या बांगड्या भरून, मेंदीचे हात घेऊन, दूध-लाह्यांची ताटं सांभाळत बांधाकडं निघाल्या. सगळ्यांच्या पुढं गोजरा, कारण मान तिचा.

वारुळाच्या खालच्या अंगाला तिनं पाय ठेवला, आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला.

ती थांबली. मागची म्हणाली, "पाऊस किती झालाय गं अक्का, रुतणारच." गोजरानं दुसरा पाय हळू ठेवला, तोही गेला. पावसानं भिजलेली माती वरून मऊ असते आणि आतून धरते. ही माती आतूनच सुटली होती. पायाला कळलं ते तिच्या उरात उतरायला एक श्वास लागला. तिनं खाली पाहिलं. बांधाच्या पायथ्याला, गवतात, मनगटाएवढा पाण्याचा झरा वाहत होता. शेणकाल्यासारखा गढूळ.

"सिदू!" तिनं अशी हाक मारली, की ताटातल्या लाह्या उडाल्या.

सिदू धावत आला. पाणी त्यानं ओंजळीत घेतलं, बोटांनी चोळलं, आणि बोटांवर राहिलेली बारीक माती बघत बसला.

"काय रं?"

"अक्का, मातीच्या बांधातून पाणी झिरपतंच. निवळ झिरपलं तर समजायचं बांध घाम गाळतोय. गढूळ आलं, की त्यो आपलं मांस वाहून द्यायला लागला." त्यानं वर पाहिलं, वारुळाकडं. बहिणीकडं मात्र पाहिलं नाही.

त्या न पाहण्यातून गोजराला कळलं, पाणी वारुळाच्या वाटांनी येतंय.

गाव गोळा झालं. सिदूनं आधी मोरी पूर्ण उघडली. पण भरल्या रांजणाला करंगळीएवढं भोक, किती वेळात रिकामा व्हावा? काही माणसं झऱ्यावर माती दाबायला धावली. सिदू ओरडला, "दाबू नका! दाबलं तर दुसरीकडनं फुटंल. वाळू टाका, वर खडे, वर दगड. पाण्याला वाट द्या, मातीला देऊ नका!" त्यांनी टोपल्या टोपल्या वाळू आणून झऱ्यावर ओतली. झरा थोडा मंदावला, पण गढूळपणा हटेना.

"पोकळी वर हाय," सिदू म्हणाला. "ती उकलून भरल्याबगर भागायचं न्हाई."

कुणीतरी कुदळ आणली. तोच बापू गुरव पुढं आले. सोवळं नेसलेले, अर्धी पूजा सोडून आलेले. "अरं, आज? पंचमीला? नागोबाच्या घरावर लोखंड? गाव पाण्यानं न्हाई बुडालं तर शापानं बुडंल!"

"मग काय करायचं बापू?"

"कौल लावतो."

बापू देवळात गेले, देवाला फूल लावलं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. सगळे श्वास धरून बघत राहिले. फूल पडेचना. मैना दारात उभी होती, भिजलेली, चिडलेली. म्हणाली, "बापू, झडीचं वलं फूल ते, दगडाला चिकाटलंय. देवानं तरी काय करावं? निम्मं गाव वाहून जाईस्तोवर वाळंल तवा पडंल!"

बापूंना राग आला, आणि हसूही आलं. पण कुदळ कुणी उचलेना. पंचमीचा दिवस म्हणून थोडे भ्यायले होते. पण खरं म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं, शब्द गोजराचा आहे. तो सोडवायचा तर तिनंच.

गोजरा वारुळापाशी बसून होती. दुधाची वाटी तशीच हातात. सिदू तिच्याजवळ येऊन टेकला.

"अक्का, माझा शब्द मला परत दे."

"दिला तर तुझं काय रं होईल?"

"व्हायचं ते होऊ दे."

"असं कसं व्हायचं ते होऊ दे!" ती भडकली. "तुला काय, तू निळा पडून निजला होतास! मी बघितलंय तुला! आईनं बघितलंय!"

सिदू खाली शिवाराकडं बघत म्हणाला, "खाली बघ. ती आपली घरं. मैनानं दिंडं ठेवलीत चुलीवर. पोरं पाटात होड्या सोडत्यात. ही सगळी गेली, तर मी जगून काय करू?"

गोजराची नजर शिवारावरून वारुळाकडं आली. तिच्या मनात दोन बायका भांडत होत्या म्हणा ना. एक बहीण, तिला भाऊ हवा होता. एक बांधकऱ्याची लेक, तिच्या तळपायांना अजून ती सुटलेली माती जाणवत होती. नवस मोडायचं पाप काय असतं, ते व्रत करणाऱ्या बाईलाच कळतं. देवाला दिलेला शब्द लुगड्याच्या निऱ्यांसारखा पोटाशी खोवून ठेवलेला असतो; सोडायचा म्हणजे उघडं पडायचं.

मग ती उठली. दूध वारुळावर ओतलं आणि मोठ्यानं म्हणाली, की सगळ्यांना ऐकू जावं,

"नागोबा, नवस माझा होता, मोडतीय मी. ह्यात माझ्या भावाचा हात न्हाई, गावाचा हात न्हाई. काय घ्यायचं ते माझं घे. पण तुझ्या घराला लोखंड लागू देणार न्हाई. लेकराच्या अंगावरचं अंगडं काढावं, तसं हातानं काढीन. तू आधी बाहेर ये."

आणि असं म्हणतात, नाग बाहेर आला. भर दिवसा, एवढ्या माणसांदेखत. पिवळाजर्द, फण्यावर दहाचा आकडा. त्यानं फणा काढून गोजराकडं पाहिलं. कुणी हललं नाही. मग फणा मिटला, तो तिच्या भिजल्या पायावरून सरपटत गेला आणि उतरणीवरून टेकडीच्या खडकाळ कपारीत दिसेनासा झाला. तिच्या पायाला तो गार लागला, ओल्या रेशमासारखा, असं ती पुढं सांगायची. पावसाळ्यात भिजलेल्या वारुळातून नाग बाहेर पडतोच, असंही काही जण म्हणतात. म्हणोत. त्या दिवशी त्या वेळी पडला, एवढं खरं.

गोजरानं वाकून पहिलं ढेकूळ हातानं काढलं. मग मैनानं. मग सगळ्या लेकी बसल्या. मेंदीचे हात मातीत गेले, नव्या बांगड्या खणाखणा फुटल्या. वारूळ उतरलं, आणि खाली पोकळी दिसली. वाटांच्या वाटा, एकीत दुसरी, आत एखादं वासरू बसेल एवढी जागा. पाण्याचा आवाज आतून येत होता.

"माती!" सिदू म्हणाला. "चिकणी माती पायजे, मळलेली!"

कुंभारवाड्यात गणपतीसाठी मळून ठेवलेली माती होती. ती टोपल्याटोपल्यांनी आली. भराभर संपली. पोकळी अजून उघडीच. पंचमीला जमीन खणून नवी माती काढायची सोय नव्हती.

तेव्हा बापू गुरव घाईघाईनं देवळाकडं गेले आणि परत आले ते देवळातला पूजेचा मातीचा नाग दोन्ही हातांत घेऊन. फुलं अजून त्याच्या फण्यावर होती. "ह्याला तिन्हीसांजेला पाण्यात सोडायचंच हाय," ते म्हणाले. "घर मोडलंय त्याचं. नवं घर हितंच बांधू या." आणि त्यांनी तो नाग पोकळीत ठेवला.

मग काय विचारता! घराघरांतून पाटावरचे नाग निघाले. हळदीकुंकवाचे, दुधानं ओले, दूर्वांचे हार घातलेले. बायांनी ते पदरात घालून आणले, आणि एकेक करून बांधाच्या पोटात बसवले. जात्याखालची माती आली, चूल सारवायची पोतेऱ्याची माती आली, भिंतीला लावायला ठेवलेली पांढरी माती आली. आडमाळच्या प्रत्येक घराचं काहीतरी त्या बांधात गेलं.

"आता चोपायचं," गोजरा म्हणाली. "बायांनो, फेर कुठं धरणार होता? देवळापुढं? हितं धरा!"

लेकींनी हातात हात गुंफले आणि बांधावर फेर धरला. एक थर माती, त्यावर फेर. पुन्हा थर, पुन्हा फेर. गोजरा गाणं सांगायची, बाकीच्या झेलायच्या:

दाब माती दाब गं, सये दाब माती,
भावाच्या शिवारात पिकू देत मोती.

चिखल गुडघ्यापर्यंत उडत होता. खाली झऱ्यावर नजर ठेवायला एक म्हातारा बसवला होता. तो दर थोड्या वेळानं ओरडायचा, "गढूळच!" आणि फेर आणखी जोरानं फिरायचा.

"आतलं तोंड सापडाय पायजे," सिदू म्हणाला. "तळ्याच्या अंगानं पाणी शिरतंय कुठनं तरी." त्यानं घोंगड्यात उरलीसुरली चिकणमाती गुंडाळली, कमरेला दोर बांधला, आणि तळ्यात उतरला. दोर चौघांनी धरला. गोजरा फेरात होती. प्रत्येक वळणाला तिला तळं दिसायचं, आणि पाण्यावर सिदूचं डोकं. एका जागी पाण्यावरचा गवताचा काडीकचरा गोल गोल फिरत होता. सिदू तिकडं गेला.

पुढच्या वळणाला पाण्यावर डोकं नव्हतं.

दोर ताणलेला होता. पाण्यात फक्त काडीकचरा फिरत होता. फेरातल्या कुणीतरी किंकाळी फोडली, मैना काठाकडं धावली. गोजराचं काळीज म्हणालं, घेतलं. नागोबानं माझं काय ते घेतलं. हात सोडावा आणि पाण्यात झोकून द्यावं, असं तिच्या मनात आलं. पण पायांखालचा थर अजून कच्चा होता. तिच्या पायांना तो कळत होता, पायच तिला सोडीनात. तिनं डोळे मिटले, शेजारणीचे हात घट्ट धरले आणि गाणं सोडलं नाही. आवाज चिरत होता, पण सोडलं नाही. असं म्हणतात, त्या वेळी तिचा पाय जिथं पडला, तिथली माती दगडासारखी झाली. अजून तिथं पहार लागत नाही.

"सापडलं!" पाण्यातून आवाज आला. "अक्का, तोंड सापडलं! घोंगडं बसलंय!"

दोर ओढून चौघांनी त्याला वर घेतलं. तोंडात चिखल, डोळे लाल, पण हसत होता. गोजरानं फेर मोडला नाही. रडत रडत नाचत राहिली.

दिवस कलायला लागला तरी फेर चालूच होता. गाऊन गाऊन गळे बसले. खालचा म्हातारा बराच वेळ ओरडला नव्हता. सिदू खाली गेला. झऱ्याचं पाणी त्यानं पितळी तांब्यात घेतलं, उन्हाची तिरीप आली होती तिच्यात धरलं. आत तांब्याचा तळ दिसत होता. तो वर आला, बहिणीपुढं खाली बसला. तिच्या पायांना फुटक्या बांगड्यांच्या काचा लागल्या होत्या, मेंदी कुठली, रक्त कुठलं आणि माती कुठली कळत नव्हतं. त्यानं त्या पाण्यानं तिचे पाय धुतले.

"निवळ आहे, अक्का," तो म्हणाला.

फेर थांबला. खाली गावात दिंडं थंडगार झाली होती. असं म्हणतात, तेवढी गोड दिंडं आडमाळात पुन्हा कधी झाली नाहीत.

पंचमी सरली, तळं उतरलं, तेव्हा गावानं कुदळी-फावडी काढली, गोजराच्या पावलाखाली दगड झालेली जागा तेवढी सोडून बाकीचं पुन्हा नीट उकरून बांधाच्या रीतीनं भरून घेतलं. नागोबाची पूजा टेकडीच्या कपारीपाशी नेली. सिदू म्हातारा होऊन, नातवंडांची लग्नं बघून गेला. नवस मोडल्याचा कोप कुणावर झाला नाही. म्हणजे देवाला काय हवं होतं, ते ज्यानं त्यानं आपल्या मनात समजावं. गोजरा दर पंचमीला येत राहिली. तिला गोजराई म्हणायला लागले ते तेव्हापासून. पाय चालेनासे झाले तेव्हा डोलीतून आली, पण डोली बांधापाशी थांबवून, काठी टेकत, अनवाणी बांध चालून गेली. तिच्या तळपायाला हातभर खालचं बीळ कळायचं, असं म्हणतात. पुढं एका पंचमीला ती आली नाही. वेळूखोऱ्यात तिनं डोळे मिटले होते. पण त्या सकाळी बांधावरची हरळी या टोकापासून त्या टोकापर्यंत दबलेली होती, नुकतंच कुणी चालून गेल्यासारखी.

आजही आडमाळची लेक पंचमीला माहेरी आली, की तिला दारात पाय धुवायला पाणी देत नाहीत. आई म्हणते, "आधी बांधावर जाऊन ये." एसटीनं आलेली असो की मोटारीनं, चपला खाली काढून ती बांधावर चढते. साऱ्या लेकी खांद्याला खांदा लावून बांध चालतात. कुणाचा पाय रुतला, की ती ओरडते, "गोजराई थांबली!" मग तिथं निर्गुडीचा डहाळा खोवतात, आणि पंचमी सरली की दुसऱ्याच दिवशी ती जागा उकरून, भरून, चोपून घेतात. बांधावर वाळवीचं टेकाड दिसलं, तर उन्हाळ्यातच हात जोडून, माफी मागून काढतात. फेर धरतात तो बांधावरच.

आणि फेर झाला, की भाऊ तांब्या घेऊन पायथ्याशी जातो. बांधाला फुटलेल्या घामाचं पाणी तांब्यात धरतो, उजेडाकडं करून बघतो. सगळ्या बहिणी बांधावर उभ्या राहून वाट बघतात, आणि तेवढा वेळ कुणी बोलत नाही. मग तो वर येतो, बहिणीच्या पायांवर पाणी घालतो आणि म्हणतो, "निवळ आहे, अक्का." बहीण धाकटी असली, तरीही अक्काच म्हणतो.